आत्याबाई, तुम्ही माझ्याबरोबर का आलात

तीर्थरूप आत्याबाई यांच्या चरणी,
सून हौसा हिचा शिरसाष्टांग नमस्कार.

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. गणपतभावजी गावाहून आले होते. जेवणं उरकल्यावर ते जोत्यावर पान लावत बसले आणि मला म्हणाले, "वैनी, एक गोष्ट वर्षभर पोटात ठिवली हाय. आज सांगतो." ती ऐकल्यापासून माझं कशात चित्त नाही. आज गिरणीला सुट्टी. शालनच्या वहीतला कागद घेतला आणि बसले.

तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे नवलच आहे. आजवर तुम्ही सांगायचं आणि मी लिहायचं. हे पलटणीत होते तेव्हा तुम्ही चुलीपुढं बसून सांगायच्या, "लिही, म्हस व्याली. लिही, भात चांगला हाय. आन् सरते शेवटी लिही, जिवाला जप." मी तिसरीपर्यंत शिकलेली, ऱ्हस्वदीर्घाच्या नावानं आनंद. पण ह्यांना सगळं कळायचं. तुम्हालाही कळेल ना?

तार आली तेव्हा शालन रांगत होती. इटाली म्हणून मुलूख आहे, तिथं हे पडले, एवढंच कळलं. तुम्ही रडला नाहीत. गोठ्यात जाऊन बैलांना वैरण टाकलीत. मला त्या वेळी तुमचा राग आला होता, आत्याबाई. वाटलं, ही कसली आई? मग दिवेलागणीला पाहिलं, दावणीपुढं वैरणीचा डोंगर झाला होता. दिवसभर तुम्ही टाकतच होता.

त्यानंतर मी गावात होते, आणि नव्हतेही. उरमोडीवर धुणं घेऊन गेले की बाया आपलं धुणं उरकतं घ्यायच्या. कुणी वाईट बोललं नाही. वाईट बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. सगळ्या हळू आवाजात बोलायच्या, जशी मी आजारी आहे. मी पंचवीस वर्षांचीसुद्धा नव्हते.

आणि मग गणपतभावजींचं लग्न. आठवतं? नवरी उंबऱ्याशी आली आणि तुम्ही माझ्याजवळ येऊन म्हणालात, "हौसा, तू जरा गोठ्यात बस, पोरी. नवरी आत येऊ दे." मी गेले. मला ठाऊक होतं, रीत तीच आहे. शालनला मांडीवर घेऊन मी शेणाच्या वासात बसले आणि बाहेर ताशे वाजत होते. थोड्या वेळानं तुम्हीही आलात. वरमाय तुम्ही, पण कुंकू तुमच्याही कपाळी नव्हतं. ओवाळायला साताऱ्याच्या जाऊबाई होत्या. तुम्ही माझ्याशेजारी दावणीपाशी बसलात. लाडवांचं ताट आत आलं, ते तसंच राहिलं.

त्याच उन्हाळ्यात ह्यांच्या पलटणीतले दादू हवालदार आले. हे पडले तेव्हा ते जवळ होते. पेन्शनीत निघून ते सांगलीजवळ माधवनगरला गिरणीच्या फाटकावर कामाला लागले होते. ह्यांचं सगळं सांगून झाल्यावर, उठता उठता ते तुम्हाला म्हणाले की गिरणीत बायकांनाही काम मिळतं, सुताच्या कांड्या भरायचं. पलटणीतल्या दोघांच्या बायका तिथं आहेत. लेकरांना शाळाही आहे. मी दाराआड उभी राहून ऐकलं. रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी भाकरी थापताना मी तुम्हाला म्हणाले, "आत्याबाई, मी जाऊ?" तुम्ही भाकरी उलटलीत आणि म्हणालात, "बघू."

तुमच्या 'बघू'ला दोन महिने लागले. साताऱ्याच्या थोरल्या दादांना कळलं आणि त्यांनी सगळ्यांना तिकडं बोलावून घेतलं. त्यांच्या कचेरीतल्या नोकरीला शोभेल असं घर, पुढं ओटा, आत बाकडी. दादांचं म्हणणं असं की घरची सून गिरणीत गेली तर लोक काय म्हणतील. हौसानं साताऱ्याला यावं, जाऊबाईंना हाताखाली होईल, शालनला शाळा होईल. गणपतभावजींचं म्हणणं, वहिनीनं गावातच राहावं, भाकरीला काय तोटा आहे? मी खाली मान घालून बसले होते. खरं सांगू? दोघंही माझ्या भल्याचंच बोलत होते. पण एकाच्या घरी मी चुलीपाशी असणार होते आणि दुसऱ्याच्या घरी गोठ्यात.

मग दादा तुमच्याकडं वळले. "आई, तुझंही ठरवून टाकू. तू आता साताऱ्यालाच राहा. कासच्या तळ्याचं पाणी दारात नळाला येतं, दवाखाना जवळ आहे. या वयात कशाला ती नदीची वाट?"

तुम्ही पदर सावरलात. "मी हौसासंगं जानार. त्या गिरणीच्या गावाला."

कुणाला काही कळेना. दादांनी विचारलं, "तिथं काय आहे तुझं?"

"मला आगगाडीत बसायचं हाय," तुम्ही म्हणालात. "सारा जल्म गेला, आगगाडी कसली ती बघितली न्हाई."

भावजी हसले. जाऊबाई हसल्या. दादाही हसले, आणि हसल्यावर माणसाला पुन्हा रागावता येत नाही. सासूच बरोबर चालली म्हटल्यावर लोक तरी काय बोलणार? बोलणं तिथंच मिटलं. मला वाटलं, म्हातारीला खरंच हौस आली! किती भाबडी होते मी.

आगगाडीत तुम्ही डोळे मिटून बसलात ते माधवनगर येईपर्यंत उघडले नाहीत. मळमळत होतं तुम्हाला. शालन एकेक ठेसन आलं की ओरडून सांगायची आणि तुम्ही मिटल्या डोळ्यांनी "व्हय गं, व्हय गं" म्हणायच्या.

माधवनगर तुम्हाला कधीच आवडलं नाही. तुम्ही म्हणाला नाहीत, पण मी काय आंधळी होते? विहिरीचं मचूळ पाणी तुम्ही औषधासारखं प्यायचात. संध्याकाळी दारात उभ्या राहून लांबवर बघायचात. एकदा म्हणालात, "हितं नजर टेकवायला डोंगरच न्हाई, गं. जाती आपली पुढंपुढं." नंतर लगेच म्हणालात, "पर मोकळं हाय. बरं हाय."

पहिला महिनाभर तुम्ही मला फाटकापर्यंत सोडायला यायच्या. मला लाज वाटायची, शाळेतल्या पोरीसारखी. भोंगा होईपर्यंत समोरच्या कडुलिंबाखाली शालनला घेऊन उभ्या राहायच्या. एक दिवस फाटकाशी टवाळक्या करणाऱ्यांतल्या एकानं मोठ्यानं विचारलं, "नवी दिसती. कुनाची रं ही?" मी मान खाली घातली. तुम्ही सरळ त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिलात. "माझी हाय," म्हणालात. "आनि काय इचारायचं हाय?" तो वाट सोडून बाजूला झाला. त्या दिवशी कांड्या भरताना माझ्या डोळ्यांना धार लागली होती. शेजारच्या बाईला सांगितलं, कापसाची धूळ गेली.

शेजारच्या गौरव्वाशी तुमचं कसं जमलं ते देवाला माहीत. तिला मराठी येत नव्हतं, तुम्हाला कानडी. पण दुपारी दोघी एका घोंगडीवर बसून शेंगा फोडायच्या. तुम्ही तिला "ऊटा आयता?" विचारायला शिकलात, जेवण झालं का म्हणून. तेवढंच येत होतं, म्हणून सकाळी, दुपारी, कधीही तेच विचारायच्या. काल तुमच्या पानाला कटाची आमटी तिनंच केली. चूल पेटवताना तेच पुटपुटत होती, कुणाला विचारत होती कोण जाणे.

स्वातंत्र्य आलं त्या दिवशी गिरणीत पेढे वाटले. मी माझा पेढा पदरात बांधून आणला. तुम्ही तो हातात धरून बसलात आणि विचारलंत, "विंग्रज गेला म्हनं. मग माझा शंकर गेला तो कुनाच्या लढाईत, गं?" आत्याबाई, दुसऱ्या दिवशी मी तेच दादू हवालदारांना विचारलं, तर त्यांनी फाटकाची कडी दोनदा ओढून बघितली.

मग तुमचा तो ताप. येई, उतरे, पुन्हा येई. हाडं दिसायला लागली. गणपतभावजी तुम्हाला न्यायला आले. येताना गडूभर उरमोडीचं पाणी आणलं होतं, तोंडाला फडकं बांधून. तुम्ही एक घोट घेतलात, बराच वेळ तोंडात धरलात. "बास," म्हणालात, "बाकीचं शालनला द्या. तिला कळू दे पानी कसं असतं."

मी तुमच्या पाया पडून सांगितलं, गावी जावा. तिथली हवा मानवेल, नदी आहे, आपली माणसं आहेत. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. "गाडीत मला मळमळतं," म्हणालात. मी चिडले. म्हटलं, एवढा कसला हट्ट? भावजी तुमच्यापाशी एकटे बसले, बोलले, आणि डोळे पुसत बाहेर आले. मला वाटलं, आईची अवस्था बघवली नाही. दुसऱ्या दिवशी ते एकटेच गेले. आठवड्यानं त्यांना परत यावं लागलं, ते तुम्हाला खांदा द्यायला.

अस्थी गावच्या नदीत सोडाव्यात असं माझ्या मनात होतं. भावजी म्हणाले, "वैनी, उरमोडी कृष्णेला मिळती आन् कृष्णा येती सांगलीला. आपल्या गावचंच पानी हाय की हे." म्हणून सांगलीच्या घाटावर सोडल्या. पाणी गढूळ होतं. मला त्यात आपल्या गावचं काही ओळखू आलं नाही, पण मी मान हलवली.

आणि काल भावजींनी सांगितलं, त्या दिवशी आत काय झालं ते. त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, आई, खरं सांग, तुला गावी यायचं नाही का? तुम्ही म्हणालात, "जीव सारा तिकडंच हाय, रं. पर मी आले तर हौसा माझ्या मागनं येनार. मला एकटी सोडायची न्हाई ती. आन् आली की पुन्हा तिला जाऊ देनार न्हाई तुमी." आणि म्हणे पुढं म्हणालात, "तुज्या लग्नात मी माझ्या हातानं तिला गोठ्यात बसवली. शेजारी बसून तिच्या तोंडाकडं बघितलं, तवाच ठरिवलं. ही हितं ऱ्हानार न्हाई. आन् एकटी बी जानार न्हाई." आणि शपथ घातलीत, हौसाला सांगू नको म्हणून.

का नाही सांगितलंत? दोन वर्षं एका खोलीत होतो. एका ताटात जेवलो. तुम्ही सांगितलं असतं तर मी रुसले असते, भांडले असते, तुम्हाला उचलून गाडीत घातलं असतं. म्हणूनच सांगितलं नाहीत, होय ना? मला आगगाडीची गोष्ट सांगून मोकळ्या झालात! असं कुणी करतं का, आत्याबाई? डोंगर सोडायचा, नदी सोडायची, मामंजींनी लावलेला फणस सोडायचा, आणि वर म्हणायचं, मोकळं हाय, बरं हाय?

भावजींनी हेही विचारलं की आता मी काय करणार. म्हणाले, "आता या म्हनत न्हाई, वैनी. पर यायचं झालं तर घर तुमचं हाय. आन् गोठ्यात न्हाई, सोप्यात बसायचं." ते मनापासून बोलले. त्यांच्या बायकोनंच तसं सांगून पाठवलंय म्हणे, त्या नव्या नवरीनं.

मी इथंच राहणार आहे. तुम्ही एवढं सोडलंत म्हणून नव्हे, ते ओझं मी घेतलं तर तुम्हालाच आवडणार नाही. मला इथं बरं वाटतं म्हणून. भोंगा झाला की मला जायला एक जागा आहे. शालन दुसरीत आहे, पाढे घडाघडा म्हणते. फाटकातून जाताना मला लोक नावानं हाक मारतात.

आता एक शब्द देते. वरच्या आळीतली भागा तुम्हाला आठवत असेल, तुकारामची बायको. तुकाराम गेल्या पावसाळ्यात पुरात गेला. तिनं भावजींबरोबर निरोप धाडलाय, मला तुमच्याकडं येऊ द्या म्हणून. तिची सासू ऐकत नाही. भावजी म्हणाले, बाप्या माणसानं सांगून ती सासू ऐकायची नाही.

तेव्हा येत्या दिवाळीला मी गावी येणार आहे, निघाल्यापासून पहिल्यांदा. आपल्या घरी सोप्यात बसेन, चहा घेईन, आणि मग वरच्या आळीला जाईन. भागाच्या सासूपुढं काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तुमच्यासारखं हसवून काम काढणं मला जमत नाही. पण ती होय म्हणेपर्यंत मी तिच्या दारातून उठणार नाही, चार दिवस लागले तरी.

जाताना आम्ही दोघी असू, मी आणि शालन. येताना तीन तिकिटं काढीन.

तुमची सून,
हौसा
माधवनगर