बदली मंजूर नाही

लखनऊ छावनी,
१८ ऑगस्ट २०२४

ती. पप्पांस,
नेत्राचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या चौकीवर फोन लागत नाही हे एका अर्थी बरंच आहे. हे ऐकून तुम्ही ओरडला असतात, आणि पत्रात ओरडता येत नाही.

मला कॉलेजात काम मिळालं. शिकता शिकता कमवायची योजना आहे. पहिल्या वर्षाच्या मुलींना लायब्ररी नाहीतर हॉस्टेलची मेस. मी मेस मागितली. सकाळी नाश्ता वाढायचा, दुपारी जेवण, मधल्या वेळात लेक्चर्स.

कारण आत्ताच सांगते. फेब्रुवारीत तुम्ही रिटायर होणार, क्वार्टर सुटणार, आणि तुमचं म्हणणं सगळ्यांनी साताऱ्याला जायचं. मला बी.एस्सी. इथेच पुरी करायची आहे. मेसचं काम सहा महिने टिकवलं तर पुढे हॉस्टेलची खोली आणि जेवण माफ. लायब्ररीवाल्यांना नुसता हातखर्च.

पहिल्या दिवशी आमच्या महाराजांनी, म्हणजे आचाऱ्यांनी, हातात डाळीची बादली दिली. त्यातली निम्मी मी स्वतःच्याच चपलांवर वाढली. संध्याकाळी आई अमीनाबादच्या बाजारातून रबरी बूट घेऊन आली. म्हणजे ती माझ्या बाजूला आहे असं मी धरते.

राग आला तरी लोभ कमी करू नये.
तुमची,
नेत्रा

---

सीमेवरून,
१० सप्टेंबर

चि. नेत्रास,
अनेक आशीर्वाद.

पत्रात ओरडता येत नाही असं तुला वाटतं? सुभेदार विजय जगदाळेची मुलगी लोकांना डाळ वाढते आणि उष्टी ताटं उचलते, हे छावणीत कुणाकुणाला कळलंय? घरात काय कमी आहे? मी इथे वाऱ्यात उभा आहे तो तुम्ही ताठ मानेने राहावं म्हणून.

शिवाय आईने लिहिलं की केमिस्ट्रीच्या पहिल्या चाचणीत नापास झालीस. एक ना धड भाराभर चिंध्या. एकटी मुलगी परमुलखात राहणार नाही. साताऱ्यातही कॉलेजं आहेत. पलटणीतल्या माझ्या दोस्ताची, चंद्रकांतची पोस्टिंग लखनऊलाच आहे, त्याला कळवलं आहे. तो कॉलेजात जाऊन काय ते बघेल.

जेवणखाण वेळेवर कर. आईला त्रास देऊ नकोस.
तुझा,
पप्पा

---

लखनऊ छावनी,
२ ऑक्टोबर

ती. पप्पांस,
शि. सा. न. या वेळी विनंती काही नाही, तक्रार आहे.

चंद्रकांतकाका आले. तेही युनिफॉर्ममध्ये, मिशा पिळून. वॉर्डन मॅडमना म्हणाले की वडिलांची इच्छा आहे, मुलीची लायब्ररीत बदली करा. जशी काही मी त्यांच्या कंपनीतली शिपाई! मॅडमनी मुकाट्याने केली. दुसऱ्या दिवशी गेले तर माझा एप्रन दुसऱ्याच मुलीच्या अंगावर. इतका संताप आला पप्पा, की रडू फुटलं. पण मॅडमकडे तोंड धुऊन गेले. म्हटलं, अर्जावर सही माझी आहे, मी अठरा वर्षांची आहे, काम काढायचं तर मला विचारून काढा. त्या म्हणाल्या की वडील फौजी आहेत, त्यांचं ऐकावं. मी म्हटलं, फौजीची मुलगी आहे म्हणूनच मोर्चा सोडत नाही. त्या हसल्या. आजपासून मी परत मेसमध्ये आहे.

दरवर्षी पलटणीच्या बड्या खान्याच्या पंगतीत साहेबलोक जवानांना स्वतःच्या हाताने वाढतात, हे तुम्हीच छाती फुगवून सांगता. कर्नलसाहेबांनी पुरी वाढली तर तो मान, आणि मी वाढली तर अब्रू गेली? मला हे पटत नाही, आणि पटणारही नाही.

नापास झाले हे खरं. पेपरात डोळे मिटत होते. आता दुपारची पाळी सोडून संध्याकाळची घेतली आहे. दुसऱ्या चाचणीत पास झाले, काठावर का होईना.

काकांना पुन्हा पाठवू नका. आलेच तर ताट देऊन रांगेत उभं करीन.
तरीही तुमचीच,
नेत्रा

---

सीमेवरून,
५ डिसेंबर

चि. नेत्रास,
अनेक आशीर्वाद.

बड्या खान्याचं वाचून दोन दिवस चिडून होतो. उत्तर सापडेना म्हणून आणखी चिडलो. चंद्रकांतने लिहिलंय की पोरगी बापावर गेली आहे, तिला वळवायचा नाद सोड.

बरं, राहा लखनऊला. पण मेस सोड. खोलीचं, जेवणाचं मी पेन्शनमधून भरतो. बापाला एवढं तरी करू दे.

थंडीला जप. अभ्यास सांभाळ.
तुझा,
पप्पा

---

लखनऊ छावनी,
१२ जानेवारी २०२५

ती. पप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

राहा म्हणालात ते पत्र आईने तीनदा वाचायला लावलं आणि तिन्ही वेळा आम्ही दोघी रडलो. तुमची फार आठवण येते.

मेस सोडणार नाही. पेन्शन तुमची आणि आईची आहे. त्यावर राहिले तर ज्या दिवशी तुमचं मन फिरेल त्या दिवशी मला निघावं लागेल. तुम्ही शब्द फिरवाल असं नाही म्हणत मी. पण माझं इथे राहणं मला कुणाच्याही मनावर ठेवायचं नाही, अगदी तुमच्याही.

आईने काळ्या ट्रंका बाहेर काढल्या आणि बदलीच्या वेळी रंगवतो तसे पत्ते रंगवायला पेंटरला बोलावलं. तीन ट्रंकांवर सातारा घातलं. चौथी मी त्याच्या हातातून ब्रश घेऊन स्वतः रंगवली. नाव नेत्रा विजय जगदाळे. पत्ता हॉस्टेलचा.

आशीर्वाद त्याच पत्त्यावर पाठवावेत.
तुमची,
नेत्रा