मेंढवाड्याचं फाटक

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाच मेंढ्या. अकरामधल्या पाच!

सकाळी कॉफी ठेवून चारा टाकायला गेले, तर सहाजणी कोपऱ्यात एकमेकींवर चढून उभ्या. हूं की चूं नाही. चार आत पडलेल्या, पाचवी जागेवरच नाही. रक्त फारसं नाही. मानेवर चार भोकं, बास. कुत्र्यांचं काम असतं तर नुसत्या चिंध्या झाल्या असत्या. हे काम इतकं नीटनेटकं होतं की लिहिताना अंगावर काटा येतोय.

फाटक उघडं होतं. सताड. तारेची कडी खांबाला लोंबत होती.

हे फक्त इथे लिहितेय. संध्याकाळी फाटक लावायचं काम पापांचं. शहाऐंशी वर्षांच्या माणसाकडे एवढं एकच काम उरलंय, आणि ते कोट-टोपी घालून, चर्चला निघाल्यासारखे जातात त्याला. ऑक्टोबरात गॅस चालू ठेवून झोपले, तेव्हापासून लिब्रादो टपून बसलाय. 'आणखी एक गोष्ट झाली ना ताई, की मी येणार आणि त्यांना घेऊन जाणार.' माझा भाऊ. बोलतो ते करतो. अल्बुकर्कीत त्यानं वृद्धाश्रमही बघून ठेवलाय. खिडकीतून गाड्या उभ्या केलेल्या दिसतात म्हणे!

मी आधी कडी लावली. मग आरडाओरडा केला.

१२ फेब्रुवारी

वन्यजीव खात्याची मारिसेला आली. पोरगी पंचविशीची, पण वाकून माती वाचते. पाचवी मेंढी ओढून नेल्याची खूण पाटापलीकडे चढावर जात होती. मी तिच्या मागे. एवढी भरली मेंढी, आणि मध्ये कुठेही खाली ठेवलेली नाही! पाट ओलांडतानाही नाही.

वर पाइनखाली ती सापडली — म्हणजे सापडली नाहीच, मारिसेलानं दाखवली. वर पाइनच्या सुयांचा ढीग, चारी बाजूंनी ओढून, सारखा केलेला. मी इतकी वर्षं या गावात अंथरुणं घालतेय, मला असं पांघरूण घालता आलं नाही. मी तिथे उभी राहिले आणि मेंढीचं दुःख विसरून गेले. देवा, मला क्षमा कर, पण विसरले.

"डोंगरसिंहाची एकटी मादी दिसतेय," मारिसेला म्हणाली. मग वही काढली. "मावशी, एकच सांगा. फाटक बंद होतं?"

मी विचारलं, त्यानं काय फरक पडतो?

"सगळाच. उघडं असेल तर ती चालत आत गेली, तिचा काय दोष? बंद असेल तर सहा फुटी जाळीवरून उडी मारून गेली. अशी एकदा शिकली की परत येणार, सगळ्या गावात जाणार. मग मला परवाना द्यावा लागेल. मारायचा."

पापा मेंढवाड्याजवळ उभे होते. टोपी हातात. आमच्याकडेच बघत.

"बंद होतं," मी म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

१३ फेब्रुवारी

परवान्याचा कागद फ्रिजवर लावलाय. दहा दिवसांची मुदत. काम फेर्मीन करणार. माझा लांबचा चुलतभाऊ, चाळीस मेंढ्यांचा धनी, आणि सिंहाच्या मागावर जाणारे कुत्रे या खोऱ्यात फक्त त्याच्याकडे. ताजा बर्फ पडला की निघणार. माग बर्फात दिसतो.

बाहेरून येऊन राहिलेल्या पेगबाई तिला प्यूमा म्हणतात, ऑफिसवाले डोंगरसिंह, आम्ही नुसतं सिंहीण. आयाळ नाही, डरकाळी नाही. तरी सिंहीणच.

पापांना सकाळी काय खाल्लं आठवत नाही. पण साठ वर्षं डोंगरात मेंढ्या वळताना सिंह किती वेळा दिसला? पाच वेळा. कुठे, कुठल्या महिन्यात, वारा कुठला, सगळं तोंडपाठ. 'पाच वेळा मी बघितला, पोरी. त्यांनी मला किती वेळा बघितलं, ते विचारू नकोस.'

१४ फेब्रुवारी

आभाळ स्वच्छ. बर्फ नको, बर्फ नको, बर्फ नको.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज घाईत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येणार.

चर्चहून आल्यावर पापांना घेऊन पाटावर गेले. मार्चमध्ये गाव पाट साफ करणार, कुठे बांध ढासळलाय ते त्यांना बघायचं होतं. लख्ख ऊन. अकरा वाजले असतील. पापा अचानक थांबले आणि माझ्या दंडावर हात ठेवला.

पलीकडच्या काठावर, तीस पावलांवर, ती पाणी पीत होती. आधी कुठे नव्हतीच! मी तिथेच बघत होते, वाळलेलं गवत होतं, आणि मग त्या गवताला डोळे होते. मान वर केली. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. तिनं आमच्याकडे पाहिलं — घाबरून नाही, रागानंही नाही. आम्ही तिथे आहोत याची नोंद घेतली, एवढंच. माझ्या आयुष्यात मला इतकं नीट कुणीच बघितलेलं नाही. लग्नाच्या नवऱ्यानंसुद्धा नाही!

मग तिच्या मागून दोन पिल्लं आली. अंगावर ठिपके. एक पाण्यात पाय घालून झटकत होतं. तिनं आवाज केला, शिट्टीसारखा, इतका बारीक की मी पक्षीच समजले असते. दोघं तिच्या पोटाखाली. आणि मग ती वरच्या कातळावर गेली. धावली नाही, दबा धरला नाही. दोन पुरुष उंचीचा कातळ, आपण उंबरा ओलांडावा तसा ओलांडला. पिल्लं बाजूनं खरडत, घसरत वर.

पापांनी टोपी काढली होती. डोळ्यांतून पाणी.

"सहावी," म्हणाले. "आणि पिल्लांसकट कधीच नाही. कधीच नाही, पोरी."

घरी आलो. दारात त्यांनी विचारलं, "फेर्मीन कधी जाणार?"

बर्फ पडला की, मी म्हणाले.

१७ फेब्रुवारी

रेडिओ म्हणतो, बुधवारी बर्फ. मारिसेलाला फोन लावला. उचलायच्या आत ठेवून दिला.

१८ फेब्रुवारी

चर्चच्या हॉलमध्ये सभा. या भागात वर्षाला किती सिंह मारू द्यायचे, तो आकडा वाढवायचा की नाही, यावर सरकारला गावाचं म्हणणं हवंय. मारिसेला वही घेऊन बसलेली. मी मागच्या बाकावर, पापा शेजारी. खाई त्याला खवखवे, तशी बसले होते.

फेर्मीननं सुरुवातच माझ्यापासून केली. "आकडे राहू द्या. कासिमिराला विचारा! सहा फुटी जाळी, फाटक बंद, तरी पाच मेंढ्या! आता सांगा, कुंपण घाला म्हणून!"

पेगबाई उठल्या. वीस वर्षं झाली त्यांना इथे येऊन, अजून नव्याच. "एक सिंहीण मारली की तिची जागा रिकामी राहत नाही, फेर्मीन. दुसरा येतो, तरणा, अडाणी. तो जास्त त्रास देतो."

"पेगबाई, तुमच्या मेंढ्या किती?"

"एकही नाही."

"मांजर?"

"एक."

"तीही घरात!" हॉल हसला.

"घरात आहे म्हणूनच जिवंत आहे," पेगबाई म्हणाल्या. "तुमच्या वाड्यांना वरून जाळी घाला. जाळी मी आणते, खांब तुम्ही रोवा."

"वा! आणि डोंगराला पण छप्पर घालू का? उन्हाळ्यात मेंढ्या चरणार कुठे, तुमच्या दिवाणखान्यात?" आता त्याच्या आवाजात हसू नव्हतं. "माझ्या आजानं सिंह मारले म्हणून हे गाव आहे. माझा पोरगा मेंढ्या विकून शहरात गेला, बाई. मी उरलोय. मला विचारून सिंह वाढवलेत का कुणी?"

कुणी हसलं नाही. खरं सांगायचं तर दोघांचंही पटत होतं मला. आणि दोघंही माझ्या थापेवर उभे राहून भांडत होते.

"कासिमिरा, ऊठ ना! सांग त्यांना!"

मी उठले. तोंड उघडलं आणि शेजारून आवाज आला.

"फाटक उघडं होतं."

पापा. बाकाला धरून उभे.

"बंद करायचं काम माझं. मी केलं नाही. विसरलो. मी विसरतो, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, तोंडावर बोलत नाही एवढंच. ती चोरी करायला नाही आली. आम्हीच दार उघडून ये म्हटलं." मग फेर्मीनकडे वळून, "तुझ्या आजाबरोबर मी डोंगरात होतो. तो सिंह मारायचा, खरं आहे. पण उघड्या फाटकातून आलेला त्यानं कधी मारला नाही. म्हणायचा, ही चूक माझी, ही मेंढी तुझी."

फेर्मीननं मान खाली घातली.

मारिसेलानं वही मिटली. जाताना माझ्याजवळ थांबली. "मावशी, मला तुमच्याकडून एकच वाक्य खरं हवं होतं." रागावली असती तर बरं झालं असतं. उद्या येऊन परवाना घेऊन जाणार.

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. लाज वाटली, फार वाटली. पण त्याहून मोठं काहीतरी वाटलं, त्याला शब्द नाही माझ्याकडे. या माणसाला माहीत होतं, हे बोललं की घर जाणार. आणि तो उभा राहिला.

१९ फेब्रुवारी

बर्फ. कागद गेला, फ्रिजवर नुसता चुंबक.

लिब्रादोला मी सांगायच्या आधीच तिघांनी सांगितलं होतं. 'सगळ्या गावासमोर कबूल केलं त्यांनी, ताई. आता तू काय लपवणार? रविवारी दहाला येतो. बॅग भरून ठेव.' मी रडले, भांडले. शेवटी हो म्हणाले. पाच मेंढ्या, आणि त्याआधी गॅस.

२० फेब्रुवारी

ती रात्री येऊन गेली! ताज्या बर्फात पावलं, माझ्या तळहाताएवढी, नखं कुठेच टेकलेली नाहीत. मेंढवाड्याला एक पूर्ण फेरी. फाटकाशी थांबली, बसलीही असावी, बर्फ तेवढ्यापुरता वितळला होता. मग पाटाकडे परत. सहाच्या सहा मेंढ्या आत सुखरूप. सहा फूट तिला काय जड होतं! कातळ चढताना बघितलंय मी. तरी नाही आली.

त्या वितळलेल्या गोलावर हात ठेवून बघितला. गार होता, पण ठेवला.

दुपारी पेगबाई जाळी घेऊन, फेर्मीन खांब घेऊन. एकमेकांशी अवाक्षर नाही. "माझा विचार बदललेला नाही," फेर्मीननं मला बजावलं, "छप्पर काकांसाठी घालतोय." "खड्डा वाकडा खणलाय," पेगबाई हवेला म्हणाल्या. त्यानं परत खणला. मी दोघांना पोसोले वाढलं, लाल मिरचीतला मक्याचा रस्सा. दोघांनीही दुसऱ्यांदा घेतलं.

२१ फेब्रुवारी

पापांची बॅग भरली. चार शर्ट. टोपी ते स्वतःच धरून बसलेत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज राहवलं नाही. विचारलं, पापा, कशाला उभे राहिलात? मी बोलले होते ना एकदा, बंद होतं म्हणून?

म्हणाले, "बंद होतंच. मी कडी लावली होती. मग तू विसरलेली बादली आणायला परत आत गेलीस. येताना एका हातात बादली, दुसऱ्यात फोन. खिडकीतून दिसलं मला, फाटक राहिलं. म्हटलं, आपण लावून येऊ. बूट घातले. मग बूट कशाला घातले, तेच आठवेना."

मला का नाही सांगितलंत?

"तू फोनवर रडत होतीस, पोरी."

उद्या दहाला लिब्रादो येईल. त्याला सांगायचंय की फाटक मी उघडं टाकलं. आणि त्या वेळी मी त्याच्याशीच बोलत होते. पापा किती विसरतात, त्याबद्दल.