हातात किती येतात

परभणी,
६ जुलै २०२४

ती. राजेश्री आत्यास,
निकिताचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येईना म्हणून पत्रं लिहायला लागले, आणि आता पत्रातच मन मोकळं होतं. शाळेतली नोकरी कायम झाल्याचं कळवलं होतंच. पहिला पूर्ण पगार बँकेत जमा झाला. सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले.

दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या सचिवसाहेबांनी मला एकटीला बोलावलं. म्हणाले, की मॅडम, यातले निम्म्याहून थोडे जास्त दर महिन्याला काढून पाकिटात घालून आणून द्यायचे, विकास निधी म्हणून. इतरांकडून याहून जास्त घेतो, तुम्ही हुशार म्हणून ही सवलत, तेव्हा स्टाफरूममध्ये बोलायचं नाही. आणि आत्या, मी चक्क थँक्यू म्हणून बाहेर आले.

घरी सांगितलेलं नाही. आमची सोयरीक पगाराकडे बघूनच झाली, तुम्हाला ठाऊक आहे. बालाजींना म्हटलं, पीएफ आणि विम्यात कापून जातात.

शाळेत विचारावं तरी कुणाला? वय विचारलेलं चालतं, पगार विचारला की माणसं दाराकडे बघतात. माझ्या शेजारच्या टेबलावर विज्ञानाचे सिद्धोधन सर बसतात, सगळ्यांत जुने. चहाचे पैसे गोळा करायची वेळ आली की यांना नेमकी प्रयोगशाळा आठवते. आम्ही चिडवतो, की सर, एवढा पगार नेता कुठे, दुसरं घर मांडलंय की काय? तेही हसतात. शाळेतली करमणूक म्हणजे एवढीच.

काकांचा गुडघा कसा आहे? लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
निकिता


येलदरी,
१४ जुलै २०२४

चि. निकितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. थँक्यू म्हणून आलीस हे वाचून पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही.

आमच्या मिशनच्या बोर्डिंगात सिस्टर जेवणाच्या टेबलावर पैशाचा विषय काढू देत नसत. घरून आलेला लाडू वाटून खा, पण वडील किती कमावतात ते बोलायचं नाही. तेव्हा फार छान वाटायचं ते. डॉक्टरची मुलगी आणि रेल्वेच्या गँगमनची मुलगी, दोघींचे मोजे सारखेच पांढरे. पण बाळा, तिथे आमच्या न बोलण्यातून कुणाच्या खिशात काही जात नव्हतं. तुमच्या न बोलण्यातून दर महिन्याला जातं आहे.

एक कर. सिद्धोधन सरांना एकटं गाठून, थट्टा न करता विचार, की सर, हातात किती येतात? आधी तुझे सांग, म्हणजे त्यांना जड जाणार नाही. आणि बालाजीरावांना आजच सांग. रागावतील. रागावू देत.

इकडे पूर्णेला अजून म्हणावं तसं पाणी नाही. काकांचा गुडघा दुखतो, पण तक्रार करायला जोर आहे. कस्तुराबाई मासे घेऊन दारात येते आणि तुमची भाची कधी येणार म्हणून विचारते. तू आलीस की भाव वाढवता येतो तिला!

माया पाठवते आहे, तुझ्याकडूनही येत राहो.

तुझी,
आत्या


परभणी,
२८ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी विचारलं नाही. आज परीक्षा आहे, उद्या विचारू. आज सर गडबडीत आहेत, परवा विचारू. असं करत राहिले, आणि सिद्धोधन सर गेले.

प्रयोगशाळेत टेबलाला धरून खाली बसले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी अँजिओग्राफी कधीचीच सांगितली होती. आम्हाला म्हणायचे, दिवाळीच्या सुट्टीत करून टाकू. आम्ही म्हणायचो, सर, तिथे तरी पैसे काढाल ना?

परवा त्यांच्या मिसेस, सुकेशनीताई, शाळेत आल्या. बँकेतून आल्या होत्या. खात्यात काहीच नाही. सर घरी सांगायचे की शाळेचा पगार थकलाय, थोडाथोडाच देतात, आणि बँकेत कळलं की पूर्ण पगार दर महिन्याला आलाय आणि दुसऱ्याच दिवशी निघालाय. स्टाफरूमच्या दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, की तुमीच म्हणत होता ना, दुसरं घर मांडलंय म्हणून? घरी येऊन हसत सांगायचे ते. मला आधी चेष्टा वाटली, मागल्या महिन्यात संशय आला. आता एवढंच सांगा, कोण हाय ती?

आत्या, तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की पैसे कुठे जातात. प्रत्येकजण पाकीट देऊन येतो. पण सरांचं सांगितलं की आपलंही उघडं पडणार. दत्तराव सरांनी वही तपासायला घेतली. मीही एक वही पुढे ओढली. त्या जरा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

सरांचे भाऊ आता उघड म्हणतात की हा बाईच्या नादी लागला होता. ताईंनी भिंतीवरचा त्यांचा फोटो काढून ठेवलाय. पंधरा सप्टेंबरला सरांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम आहे आणि त्या म्हणतात, मी बसणार न्हाई. जन्मभर नाकासमोर चाललेला माणूस, आत्या. त्यांचं नाव असं जातंय आणि ते थांबवणारे आम्हीच.

काय करू ते लिहा. माझ्यावरचा जीव कमी झाला नसेल तर.

तुमची,
निकिता


येलदरी,
२ सप्टेंबर २०२४

चि. निकितास,
आशीर्वाद.

जीव कमी व्हायला काय झालं, वेडे. पण आज लाड करणार नाही.

आधी बालाजीरावांना सांग. बाहेरून कळलं तर तेही तुझ्याबद्दल हेच विचारतील, आणि तुला उत्तर द्यायला तोंड आहे. सरांना ते उरलेलं नाही.

मग सुकेशनीताईंकडे जा. त्या दारात उभं करतील, उभी राहा. नोकरी जाईल, मला दिसतंय. गेली तर इकडे ये, दोन खोल्या रिकाम्या आहेत आणि मला ओरडून बोललेलं आवडतं.

तुझ्या पाठीशी असलेली,
आत्या


परभणी,
१८ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
निकिताचा शि. सा. न. वि. वि.

बालाजींना सांगितलं. त्यांनी पासबुक मागून घेतलं आणि एकेक नोंद वाचली. सासूबाई बोलल्या, की म्हणजे लग्नात आमची फसवणूकच केली म्हणा की. त्या दिवसापासून माझ्या हातचा चहा घेत नाहीत. बालाजी घेतात.

मग स्टाफरूममध्ये माझा आकडा सांगितला. बँकेत चव्वेचाळीस हजार, हातात वीस. आणि सवलत म्हणून इतरांहून जास्त मिळतात, असंही सांगितलं. आधी कुणी मान वर केली नाही. मग दत्तराव सर म्हणाले, की सवलत तर मला दिली आहे, मला अठरा मिळतात. मग एकेक करत सगळे बोलले. प्रत्येकाला एकट्याला बोलावून तेच सांगितलं होतं, की तुम्हाला सगळ्यांत जास्त. सिद्धोधन सरांचं तेवढं दत्तराव सरांना माहीत निघालं. हातात बारा हजार. सर्वांत जुने, आणि सर्वांत कमी.

ताईंकडे माझ्याबरोबर यायला कुणी तयार झालं नाही. आमची नावं घेऊ नका, एवढंच म्हणाले. मी एकटी गेले. ताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की मॅडम, हे मला एकटीला सांगून काय उपयोग? चार माणसांत सांगा.

रविवारी कार्यक्रमातच चार माणसांत सांगितलं. बुद्धवंदना झाल्यावर उभी राहिले. आधी माझा आकडा सांगितला, मग सरांचा, मग पाकिटाचं. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. मागे आमचे शिक्षक आपापल्या बायकांना घेऊन बसले होते. मी बोलत असताना त्या बायका एकेक करून आपल्या नवऱ्याकडे वळून बघायला लागल्या. सरांच्या भावाने उठून फोटोला हार घातला, पण ताईंकडे बघितलं नाही.

आज मला वर्गावर जाऊ दिलं नाही. कारण लेखी कळवू म्हणाले.

मला वाटलं होतं, ताईंना हलकं वाटेल. लोक गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, की शेवटच्या महिन्यात मी त्यांना लय बोलले. डबा द्यायचा बंद केला. जिला पगार देता तिच्याकडं जेवा म्हणाले. दुसरी बाई असती तर मला राग तरी धरता आला असता, मॅडम. आता कुणावर धरू?

त्यांना काय सांगू, ते तुम्हीच सुचवा. येत्या आठवड्यात येते आहे. जीव लावलात तसाच लावत राहा.

तुमची,
निकिता