चंद्रखड्गाची झाडाझडती

४ जानेवारी, दुपार

संतापाने डोकं गरम आहे, म्हणून लिहितोय. मनात ठेवलं की माझी अ‍ॅसिडिटी वाढते. आजपासून रोज लिहायचं. रोज म्हणजे रोज.

झालं असं. आमच्या गल्लीत नेटची बोंब. म्हणून गोटूच्या मोबाइलच्या दुकानातून पेनड्राइव्ह भरून आणला. 'चंद्रखड्ग', जपानी अ‍ॅनिमे सिरीज (लोक त्याला कार्टून म्हणतात), हिंदी डबिंग, बारा भाग. टीव्हीला लावला, 'प्ले ऑल' दाबलं आणि चार भाग सलग पाहिले. मी सिरीज अशीच पाहतो. मध्ये उठत नाही, रिमोटला हात लावत नाही, कोणाला बोलू देत नाही. समीक्षकाला शिस्त लागते.

पहिला भाग झकास. गाव जळतं, एक पोरगा एकटा उरतो, म्हातारे गुरुजी त्याला खांद्यावर टाकून नेतात. म्हटलं, चला, कथा सांगता येणारा कोणीतरी भेटला. दुसऱ्या भागात गुरुजी मेले! अरे, त्यांचं नाव अजून धड कळलं नव्हतं. आणि पोरगा एकदम मिसरूड फुटलेला, ऊर बडवून रडतोय. मी का रडू? ओळख ना पाळख. तिसऱ्यात त्याचा डावा हात तुटला. चौथ्यात खलनायक मेला, गावात दिवे लागले, सगळे नाचले. संपलं की! पुढचे आठ भाग काय केळी सोलणार?

बाबा दोनदा येऊन म्हणाले, बहादरपूरच्या शेतात केळीची कटाई चालू आहे, संध्याकाळी ट्रक लागेल, तू जाऊन उभा राहा. उद्या जाईन. असल्या मनःस्थितीत मी मजुरांवर ओरडलो असतो. न जाणं हेच जबाबदारीचं.

५ जानेवारी

हात परत आला.

५ जानेवारी, जेवणानंतर

अजून शांत झालो नाही. पाचव्या भागात गुरुजी चुलीपुढे बसून भात शिजवतायत. मेलेला माणूस! पोरगा पुन्हा लहान, दोन्ही हात शाबूत, दोन्ही हातांनी भात खातोय. कुणीही विचारत नाही की गुरुजी, तुम्ही तर गेला होता ना? खुलासा नाही, जादू नाही, स्वप्न नाही. प्रेक्षकाला समजता काय तुम्ही?

आईने विचारलं, कोणावर ओरडतोय. म्हटलं, जपानवर. तिने कुकर लावला.

शेतात गेलो नाही. बाबा बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मला अजिबात लागत नाही.

७ जानेवारी

बारावा भाग झाला. शेवट ऐका. गुरुजी म्हणतात, उद्या येतो. दार लोटून घेतात. पोरगा दाराकडे पाहतो. समाप्त. हा शेवट? दार? एका दारासाठी मी एवढं बसलो? ज्या खलनायकाला चौथ्या भागात मारला, त्याची ओळख आठव्यात करून दिली. ही तर वरात येऊन गेल्यावर पत्रिका वाटण्याची तऱ्हा.

गच्चीवर जाऊन माझ्या चॅनेलसाठी व्हिडिओ केला. 'रोखठोक रितेश' हे अख्ख्या बुऱ्हाणपुरातलं अ‍ॅनिमेवरचं एकमेव मराठी चॅनेल आहे. (दुसरं असेल तर ते माझ्या पाहण्यात नाही.) शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज आला थोडा, पण मुद्दे पोचले. एकच कमेंट, गोटूची. त्याने लिहिलंय, भाऊ अगला पेनड्राइव कब. दर्जेदार प्रेक्षक थोडाच असतो.

१० जानेवारी

स्थळ आलंय. वसंतकाकांनी आणलं. मुलगी हिमानी. वडील पेपर मिलमध्ये, मूळचे भुसावळकडचे, कॉलनीत राहतात. बायोडाटा मी वाचणार नव्हतो. टेबलावर होता म्हणून नजर पडली. छंदांत लिहिलंय, अ‍ॅनिमे पाहणे.

परत वाचलं. अ‍ॅनिमे पाहणे.

मला लग्नाची घाई नाही. आधीची तीन स्थळं मीच सोडली. त्यांनी नकार आधी कळवला हे खरं, पण मनातून मी सोडून मोकळा झालो होतो. हिमानीचा फोटो साधा आहे. छान आहे म्हणजे.

संकल्प: सकाळी पाचला उठणे. शेतात जाणे. राग कमी करणे. तोंडात बडीशेप ठेवणे, म्हणजे माणूस आपोआप कमी बोलतो.

११ जानेवारी

नऊला उठलो. बडीशेप आवडली नाही.

१९ जानेवारी

कार्यक्रम झाला. एकंदरीत मी बाजी मारली.

चहा-पोहे, मग मोठ्यांचं मिलबद्दल आणि केळीच्या भावाबद्दल. मग तिची आई म्हणाली, पोरांना बोलू द्या जरा. आम्हाला गच्चीवर पाठवलं. तिने स्वतःहून विचारलं की तुम्ही सध्या काय पाहिलं. मी म्हटलं, 'चंद्रखड्ग'. तिचा चेहरा खुलला. म्हणाली, माझी सगळ्यात आवडती.

इथे दुसरा कोणी असता तर घाबरून माझीही म्हणाला असता. मी नाही. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. गुरुजी कसे मरतात आणि मग भात कसा शिजवतात. हात कसा तुटतो आणि कसा उगवतो. खलनायकाची ओळख मेल्यानंतर कशी होते. गुरुजींच्या भाताची नक्कलही केली. ती हसायला लागली. आधी ओढणी तोंडाशी धरून, मग कठड्याला धरून. मध्येच म्हणाली, अहो पण भागांचा क्रम... मी म्हटलं, थांबा, शेवट राहिलाय. आणि दार सांगितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तर्काने बोललं की माणूस असा हलतो. पहिल्या भेटीत नर्व्हस होऊन हसतातही काही मुली.

खाली बोलावलं तेव्हा ती म्हणाली, अजून असतं तर ऐकलं असतं. जिन्यात तिने माझा नंबर घेतला. मी नाही मागितला तिचा. तिने मिस कॉल दिला म्हणून आला.

येताना आईने मावा जलेबी घेतली. मी चार खाल्ल्या. राग अजिबात आला नाही. नोंद करून ठेवतो.

२२ जानेवारी

निरोप नाही. लोकांना वेळेची किंमत नाही.

२३ जानेवारी, सकाळ

निरोप आला. हो आहे! तिकडून पसंती. वसंतकाका स्वतः पेढे घेऊन आले. पत्रिकाही जुळली, सव्वीस गुण. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. याआधी कधी ठेवला होता आठवत नाही.

मग वसंतकाकांनी सांगितलं, मुलगी म्हणते, मुलगा फार मजेशीर आहे. दोन दिवस घरात तुझी नक्कल करून हसतेय.

मजेशीर? मी?

२३ जानेवारी, दुपार

माझी धाकटी बहीण रश्मी हिमानीशी इन्स्टावर बोलली. हे कधी सुरू झालं मला कल्पना नाही. रश्मीच्या सांगण्याप्रमाणे प्रकार असा. हिमानीला वाटलं की मी मुद्दाम कथा उलटीपालटी करून सांगितली. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला की भाग कसे भलत्या क्रमाने लागतात, पहिल्यानंतर दहावा, अकरावा, बारावा आणि मग दुसरा, त्याची मी थट्टा केली. तोंड एकदम सरळ ठेवून. तिला ते भारी वाटलं. म्हणाली, एवढा वेळ न हसता मस्करी करणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

मग रश्मीने मला विचारलं, तू मस्करीच केलीस ना?

मी म्हटलं, मी मस्करी करत नाही. मी समीक्षा करतो.

रश्मीने आधी खोलीचं दार लावलं. मग तिने देवाची शपथ घालून सांगितलं की हे कोणाला सांगू नकोस. गप बस. लग्न होऊ दे, मग चांगली दहा वर्षांनी सांग.

म्हणजे मी खोट्यावर संसार उभारायचा?

आणि मुळात भाग उलटे लागलेच कशावरून? टीव्ही जपानी कंपनीचा आहे. जपानी सिरीज कशी दाखवायची हे त्याला गोटूपेक्षा जास्त कळतं.

२४ जानेवारी

संकल्प: फोन करायचा नाही.

रश्मीचं बरोबर आहे असं नाही, पण मुलगी चांगली आहे. हसते छान. तिच्या हसण्यात तुच्छता नव्हती. माझ्यावर लोक हसतात तेव्हा मला कळतं. (मित्राच्या, अरविंदच्या, वरातीत हसले होते.) ती तशी नव्हती हसत. ती जवळ सरकून हसत होती. मला ती हवी आहे. हे एकदाच लिहितो.

फोन करायचा नाही.

२५ जानेवारी

फोन केला.

नाइलाज होता. सकाळपासून एकच शब्द डोक्यात. मजेशीर. जोकर मजेशीर असतो. उद्या लग्नात तिचे भाऊ म्हणतील, भाऊजी ते भातवालं करा ना. मग मी काय ते करून दाखवणार?

तिने फोन हसतच उचलला. म्हणाली, मी वाटच पाहत होते, पुढचा भाग ऐकवा. मी म्हटलं, एक गैरसमज आहे. ती म्हणाली, हो का, आणि अजून हसली. मी म्हटलं, मी जे बोललो ते गंभीरपणे बोललो. एकेक मुद्दा परत घेतला. भाताला ती जोरात हसली. हाताला जरा कमी. दाराला हसली नाही. मग तिने हळूच विचारलं, म्हणजे तुम्ही खरंच तसंच पाहिलं?

मी म्हटलं, क्रम कुठलाही असो, चांगली कथा उलटी पाहिली तरी कळली पाहिजे. आणि तुम्ही जी सिरीज आवडती म्हणता, तिच्याबद्दल तुमचा अभ्यास कमी पडतो.

मग म्हणाली, आई हाक मारतेय.

मला तरी हाक ऐकू आली नाही. पण मन स्वच्छ झालं. खरं बोलल्यावर असं हलकं वाटतं.

जेवलो नाही. भूक नव्हती.

२८ जानेवारी

नकार. वसंतकाका आत आलेच नाहीत, गेटवरूनच सांगितलं. पत्रिका जमत नाही म्हणे. त्याच पत्रिकेत सव्वीस गुण होते! पाच दिवसांत ग्रह हलले? आता मंगळावरही एक व्हिडिओ करतो.

रश्मीने खोदून विचारलं तेव्हा हिमानीने एवढंच लिहिलं, मला वाटलं तो गंमत करत होता.

बाबा शेतात गेले. आईने उरलेले पेढे डब्यात ठेवले. डबा फ्रिजवर मागे सरकवला, कोणाच्या हाताला लागणार नाही असा.

३० जानेवारी

गोटूच्या दुकानात भांडायला गेलो. त्याला म्हटलं, तुझ्या पेनड्राइव्हने माझं लग्न मोडलं. तो म्हणाला, भाऊ, मी तर बराबर भरून दिलं होतं, टीव्हीचा दिमाग तसाच राहतो, त्याला एकवाले आकडे आधी दिसतात. मग त्याने कॉम्प्युटरवर लावून दाखवलं. दुसऱ्या भागात गुरुजी जिवंत. मरतात दहाव्यात. गोटू वर म्हणतो, सब गिऱ्हाइकं नंबर पाहून लावतात भाऊ, आजवर कोणाची शिकायत नाही आली.

गिऱ्हाइकं सहन करतात म्हणून मी करू? त्याच्यावर ओरडलो. बाहेर येऊन रिक्षावाल्यावर ओरडलो. रिक्षात बसायचंही नव्हतं मला.

आता ही सिरीज नीट क्रमाने पाहणार. नीट क्रमाने ती आणखी टुकार आहे हे सिद्ध करणार आणि तो व्हिडिओ तिला पाठवणार.

६ फेब्रुवारी

एकेक भाग नंबर पाहून लावतोय. आईसुद्धा येऊन बसते. सहाव्यापर्यंत आलो. चुका अजून सापडल्या नाहीत. लपवल्यात हुशारीने.

गुरुजी त्या पोराला तलवार देतच नाहीत, नुसते तांदूळ निवडायला बसवतात, खडे वेचायला. मागच्या वेळी हे मला वेळकाढू वाटलं होतं.

९ फेब्रुवारी

नववा भाग. गुरुजी म्हणाले, उद्या येतो. दार लोटलं. आई म्हणाली, आता हे येत नाहीत बघ. मी म्हटलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, असे जाणारे येतात होय.

दहावा लावला. काही लिहीत नाही. शर्टाची बाही ओली झाली. आईनेही पदर डोळ्यांना लावला.

१० फेब्रुवारी

बारावा भागही झाला. चांगली आहे. फार चांगली आहे. कुठेही खोट नाही. मला राग येत नाहीये आणि कोणावर काढावा तेही कळत नाही.

व्हिडिओ केला नाही. व्हिडिओत काय सांगायचं, रडलो म्हणून? हे सांगण्यासारखं माणूस एकच होतं. गच्चीवर ती सांगत होती आणि मी म्हटलं, थांबा.

११ फेब्रुवारी

आज खरंच शेतात गेलो. बाबांना चक्कर येईल असं वाटलं.

१२ फेब्रुवारी, सकाळ

पूर्ण विचार केला. सगळं सावरता येतं. सत्य वगैरे ठीक आहे, पण माणूस हसला पाहिजे. हिमानीला मेसेज लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी फक्त एवढा पाठवला: मी त्या दिवशी मस्करीच करत होतो. फोनवरसुद्धा.

शब्द बेताचे, परिणाम मोठा. आता ती हसेल. हसली की घरात सांगेल. वसंतकाकांसाठी आईला चहाचं आधण ठेवायला सांगितलंय.

१२ फेब्रुवारी, थोड्या वेळाने

वाचलं तिने. टाइप करतेय. थांबली. परत करतेय.

१२ फेब्रुवारी, त्यानंतर

उत्तर आलं. दादा, आज माझा साखरपुडा आहे, आशीर्वाद असू द्या.

दिला.