'कोबीतली कालवड'चा तिसरा भाग

कूरक्लेअर,
१४ मार्च २००९

प्रिय फिंटन,

पाकीट बघून कोण गेलं म्हणून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. जायचे ते आधीच गेले, आणि तेव्हा दोन-दोन ओळींत तुला कळवलं होतं. या वेळी जरा लांबेल. तेराव्या वर्षी सुटलेली शाळा आहे माझी, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

डब्लिनहून ओर्ला नावाची एक मुलगी महिन्यातून दोनदा येते. बाबा फिडलवर वाजवायचे ती नाचाची धून, 'कोबीतली कालवड' ही जिग, कुणी कुणी वाजवली, कुणी कागदावर उतरवली, ते पुस्तकासाठी शोधते आहे. एवढं शिकून हा उद्योग. मी म्हटलं, बाई, खरी कालवड पुढे दूध तरी देते. ती हसली आणि तिने केकचा आणखी एक तुकडा घेतला. पोरगी वाईट नाही. फक्त उत्तर मिळेपर्यंत उठत नाही.

तुला सुरांतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून सोपं करून सांगते. जिगचे भाग असतात, एकेक भाग दोनदा वाजवतात. किलमिहिलच्या मास्तरांच्या वहीत या जिगचे तीन भाग आहेत, म्हाताऱ्या फिडलवाल्या कॉन्सिडाइनकडून ऐकून लिहिलेले. बाबा गेले त्याच्या आदल्या वर्षी रेडिओवाल्यांनी घरी येऊन त्यांना टेप केलं, त्यात दोनच. कारण बाबा स्वतःच्या तोंडाने सांगतात, तिसरा माझ्या करंगळीबरोबर गेला, माझा हात आत असताना पोराने शेतातलं यंत्र चालू केलं. पुढे ते तसंच एका पुस्तकात छापलं गेलं. तुझं नाव नाही, नुसतं 'पोरगा'. इथे कुणाला नाव लागतंय?

हे वाक्य तुला नवं नाही. अठ्ठ्याहत्तर साली, हात अजून पट्टीत असताना, पबमध्ये सगळ्यांसमोर ते हेच बोलले होते. तू ग्लास खाली ठेवलास आणि बाहेर पडलास. दहा दिवसांनी थेट क्लीव्हलंड. एकतीस वर्षं या घरात पाऊल टाकलं नाहीस, आईच्या मयतीलासुद्धा नाही. मावसबहीण नेल सांगत होती, तिकडे कुठे फिडल वाजू लागलं की तू उठून जातोस म्हणे. बापाचं वाजवणं तू मारलंस, हे तू धरूनच बसलास.

तर गेल्या गुरुवारी ओर्ला आणखी एक टेप घेऊन आली. फादर हेनेसी एकाहत्तर साली सुट्टीवर आले होते ते टेपचं मोठं खोकं घेऊन, आठवतं? शिकागोच्या बहिणीला पाठवायला त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात बाबांचं वाजवणं घेतलं होतं. बहिणीच्या नातवाला ती टेप माळ्यावर सापडली. तुझ्या त्या अपघाताआधी सात वर्षं. बाबांची दहाही बोटं शाबूत. ओर्लाला वाटलं, आता तिसरा भाग मिळाला.

दोनच भाग. मग फादर तिसऱ्याचं विचारतात, आणि बाबा हसत म्हणतात, "तो कॉन्सिडाइनकडे मागा. दहा वर्षं त्याच्या मागे लागलोय, मला नाही जमत."

ओर्लाने टेप बंद केली. तुम्हाला हे माहीत होतं का, म्हणून विचारलं. वर स्वतःच म्हणाली, तुम्ही लहान होतात, नसेलही माहीत. मला सुटायला जागा करून देत होती बिचारी. पण टेपवर फरशीवरच्या पायांचा आवाज आहे, आणि शेवटी बाबा "शाबास, डेलिया" म्हणतात. आठ वर्षांची होते मी. त्या जिगवर शंभरदा नाचले असेन. पहिला, दुसरा, परत पहिला. भाग किती हे नाचणाऱ्याला ठाऊक नसेल तर पाय अडकतो. मी तिला सांगितलं, माहीत होतं, लिही तसं.

तू गेलास तेव्हा मी पंधराची होते आणि बाबांना खोटं पाडायची माझी छाती नव्हती. हे कारण दोन-चार वर्षं पुरलं. त्यानंतरचं कारण असं की तू परत आला असतास तर घर आणि रान तुझं झालं असतं, आणि ख्रिस्टीशी लग्न करून मला लिमरिकला भाड्याच्या खोलीत जावं लागलं असतं. शेवटच्या दुखण्यात आईने विचारलं, फिंटन का येत नाही. मी म्हटलं, कामात असेल. करंगळी तुझ्या हातून गेली, ते मी पुसत नाही. पण तिसरा भाग बाबांकडे कधी नव्हताच. करंगळी असताना जे जमलं नाही, त्याला ती गेल्यावर त्यांना चांगली सबब मिळाली. ओर्लाचं पुस्तक सप्टेंबरात येईल आणि नेल ते उचलून तुझ्याकडे पळत येईल. त्याआधी हे तुला माझ्या हातचं मिळावं, म्हणून लिहिलं. माफी मागत नाही, मागून तुझी वर्षं परत येणार नाहीत. आलास तर शॅननच्या विमानतळावर ख्रिस्टी गाडी घेऊन येईल. मी दारात असेन. पहिलं काय बोलायचं ते तुझं तू ठरव, मी ऐकून घेईन.

तुझीच,
डेलिया