पाहिलं, ऐकलं, वाचलं

सर, आपल्या सिंदेवाहीच्या कॉलेजच्या पाक्षिकाचे जुने अंक आठवडाभर इथं वरोऱ्यात माझ्या टेबलावर पडून आहेत. कॉलेजच्या महोत्सवासाठी निवडक पानांचं पुस्तक काढायचं ठरलंय आणि टिपा लिहायचं काम माझ्याकडे आलंय. डोळे लवकर थकतात आता. सीमेवरचं युद्ध, त्याच्या मागोमाग आलेली निवडणूक, पोलिसांच्या जंगलातल्या नक्षलविरोधी मोहिमा, सगळं त्या सायक्लोस्टाईलच्या चार-चार पानांत आहे आणि प्रत्येक बातमीखाली, ती लिहिणाऱ्याला कशी कळली ते सांगणारा, तुमच्या नियमाचा एक शब्द आहे: पाहिलं, ऐकलं किंवा वाचलं. युद्धाच्या दिवसांत एकाने ‘शत्रूची दाणादाण’ असा मथळा देऊन खाली ‘पाहिलं’ लिहिलं, तेव्हा तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलंत, “कुठून पाह्यलं रे बाबू? सिंदेवाहीच्या टाकीवर चढून?” आम्ही हसतोय, तो कान लाल करून ‘ऐकलं’ लिहितोय. स्टेन्सिलवरची चूक झाकायचं लाल औषध आम्ही दोघी, मी आणि माझी होस्टेलची मैत्रीण, नखांना लावून बघायचो, त्यावरही तुम्ही ओरडायचात.

ती मैत्रीण पार आतल्या जंगलातल्या गावची. निवडणुकीच्या सुट्टीहून परतल्यावर एका दुपारी बसून तिनं बातमी लिहिली. आधी जंगलातले आले, मत देऊ नका म्हणाले, तिच्या काकांकडे जेवले. मग पोलीस आले, शाळेत उतरले, तेही काकांकडेच जेवले. त्यानंतर दोघांनीही काकांना एकच विचारलं, त्यांना काऊन जेवू घातलं? तिनं यापेक्षा जास्त एक शब्द लिहिला नव्हता. खाली लिहिलं होतं, पाहिलं. तुम्ही ती बातमी वाचलीत. मग गावाच्या नावावर लाल औषध फिरवलंत, काकांच्या जागी ‘एक शेतकरी’ केलंत आणि ‘पाहिलं’ झाकून ‘ऐकलं’ लिहिलंत. तिच्याऐवजी मीच बोलले. “सर, तुमचाच नियम तुम्ही मोडला.” तुम्ही म्हणालात, “हो, मोडला. चहा घे.” मी चहा न घेता निघून गेले.

आता समितीतल्या तरुण प्राध्यापकांना तेच पान पुस्तकात सगळ्यात पुढे हवं आहे, गावाच्या आणि तिच्या खऱ्या नावासकट. मलाही तेच हवं होतं, हे लपवत नाही. तिचा शब्द तिला परत मिळावा असं फार वाटत होतं. पण विचारल्याशिवाय कसं करायचं, म्हणून तिला फोन लावला. ती तिच्याच गावच्या अंगणवाडीत आहे.

“तू अजून सरांसंगच भांडून राह्यली का वो? ते तं कधीचे गेले,” ती हसत म्हणाली.

“अगं, इतकी वर्षं झाली. आता कोण विचारणार आहे?”

“तुले वरोऱ्यात कोणी नाई विचारत. मले इथीच राहाचं हाय. काका गेले, त्याईची पोरं हायेत.” मागे लहान मुलांचा गलका चालला होता. मग ती म्हणाली, “ऐकलंच राहू दे. मले माहीत हाय ना मी काय पाह्यलं ते. तेवढं बस.”

तेव्हा पुस्तकात ‘ऐकलं’च राहील, गाव झाकलेलंच राहील. प्राध्यापकांना तसं कळवलं, ते जरा नाराज झाले. त्या पानाची टीप मात्र अजून होत नाही. ‘विद्यार्थिनीला त्रास होऊ नये म्हणून सरांनी शब्द बदलला’ असं मी कितीतरी जणांना सांगत आले आहे, माझ्या मुलीलाही. काल तेच वाक्य लिहिलं आणि सवयीनं त्याच्याखाली शब्द लिहायला गेले, तर हात थांबला. तुम्ही तिच्यासाठी घाबरला होतात, कॉलेजसाठी की स्वतःसाठी, ते मी पाहिलं नाही, कुणाकडून ऐकलं नाही, कुठं वाचलंही नाही. तुम्ही फक्त चहा घे म्हणालात. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. तो चहा घ्यायला थांबले असते, तर कदाचित तुम्ही सांगितलं असतंत.