ऑर्गॅनिकमधला शेवटून दुसरा नंबर

ती. आर्डिथमावशीस, दूरदेशीच्या रडतराऊ भाचीचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा काय म्हणतो? नेब्रास्कात बर्फ पडला का? माझी तब्येत ठणठणीत आहे. (झोप उडते, पण ती परीक्षेपुरतीच, आणि परीक्षा रोजच असते.)

आई मला आतापासूनच डॉक्टर म्हणते, म्हणून हे तुला लिहितेय, तिला नाही. आपल्या गावात मी पहिली यायचे. इथे सगळेच आपापल्या गावचे पहिले! त्यात ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या बाई वर्गातल्या नंबरावरून ग्रेड देतात. आपला पेपर कसा गेला याला काडीची किंमत नाही, बाकीच्यांचा किती वाईट गेला ते बघायचं. मला पहिल्या पेपरात शंभरात एकेचाळीस. माझ्याखाली उरलेला एकटा थॅडियस, एकोणतीसवाला. (बाकीचे शहाणे आधीच विषय सोडून गेले.) तर तोही म्हणाला, सोडतो! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. तो गेला की तळाला मी, म्हणजे ग्रेड सी, आणि सी घेऊन आलेल्याला मेडिकलवाले दारात तरी उभं करतात का?

मग लागले त्याची मनधरणी करायला. "अरे वेड्या, असा कच काय खातोस? मी शिकवते ना!" तीन आठवडे कँटीनमध्ये बसून शिकवलं. तो टिकेल इतपतच शिकवायचं, पुढे जाईल इतकं नाही, असा माझा हिशेब होता. पण मेला निघाला हुशार! दुसऱ्या पेपरात त्याला अठ्ठ्याऐंशी, मला त्रेचाळीस, म्हणजे तळाला आता मीच. वर भोळेपणाने विचारतो, "तू इतकं छान समजावतेस, मग तुझं असं कसं झालं गं?" काय सांगू, कपाळ!

विषय सोडायची मुदत पुढच्या शुक्रवारी संपते. मला जेवण जात नाही.

तुझी,
रोवेना

ता. क. खरं काम हे: थॅडियसला एक पत्र लिही. तू तीस वर्षं डॉक्टरकी केलीस. जागरणं, कागदपत्रं, अंगावर ओरडणारे पेशंट, सगळं तिखटमीठ लावून लिही. तो घाबरून विषय सोडून गेला तर वरची एक जागा तरी रिकामी होईल.

ता. क. २. नको, लिहू नकोस. आत्ताच तो येऊन गेला. म्हणाला, तू नसतीस तर मी डॉक्टर व्हायचा नादच सोडला असता. मला धड रागसुद्धा येईना गं. ते पत्र मलाच पाठव, शुक्रवारच्या आत. चांगलं भयंकर लिही, म्हणजे विषय सोडायच्या फॉर्मवर सही करताना मला रडू कमी येईल.